एका पानाने हुकलेला डाव

मद्रास उच्च न्यायालयाची लाल विटांची भव्य इमारत १८९२ पासून चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात उभी आहे. ऑनलाइन रमीवर बंदी घालण्याचे तामिळनाडू सरकारचे दोन प्रयत्न याच वास्तूत अडले. २०२१ मध्ये त्यासाठीची दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा कायदा टिकला, मात्र रमी आणि पोकर त्याच्या कक्षेतून सुटले. निकष जुनाच होता: कौशल्य की नशीब? पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात म्हणून रमी कौशल्यप्रधान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले होते.

माझा आक्षेप या निकषालाच आहे. एका पानाने डाव हुकतो तेव्हा खेळणाऱ्याला आपण हरलो असे वाटत नाही. आपण जवळ पोहोचलो होतो असे वाटते. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्लॉट यंत्राच्या प्रयोगातून दाखवले की असे थोडक्यात हुकणे साध्या हरण्यापेक्षा अधिक बोचते, तरीही पुन्हा खेळण्याची इच्छा वाढवते आणि मेंदूतील विजयाशी निगडित केंद्रे जागी करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही इच्छा वाढली ती खेळाडूने निवड स्वतः केली होती तेव्हाच. म्हणजे ज्या कर्तृत्वभावनेमुळे कायदा रमीला निर्दोष ठरवतो, तीच हुकलेल्या डावाला धार देते. नशिबाला दोष देणारा कदाचित उठून जाईल. स्वतःच्या चुकीला दोष देणारा ती सुधारण्यासाठी बसून राहतो.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा वाद ओलांडून पैशाचे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध केले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे मुंबईचा मटका आठवतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो जन्मला. भाव मिळेनासे झाले तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते आले, आणि बंदी असूनही आकडा ‘एकाने हुकतच’ राहिला.

नेवाडाच्या नियामकांनी १९८० च्या दशकाअखेर एका उत्पादकाची यंत्रे याच कारणासाठी तपासली होती: थोडक्यात हुकण्याची दृश्ये त्यांत मुद्दाम वाढवली होती काय? आपल्याकडे संकेतस्थळांच्या आज्ञावलीला हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. तामिळनाडूने २०२५ मध्ये मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत खेळ बंद ठेवण्याचा नियम केला आणि उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सरसकट बंदीपेक्षा मला तो अधिक शहाणा वाटतो, कारण तो पुढचा डाव निदान पाच तास लांबवतो.