फोल्डर उघडतंय म्हणजे फोटो आहेत असं नव्हे



"आमचं सगळं डिजिटल झालंय" हे वाक्य ऐकलं की हल्ली मला धडकी भरते. ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो, वाचनालय असो की शाळा. कपाटाशेजारी एक काळा डबा, आत चार हार्डडिस्क, वर निळा दिवा लुकलुकतोय आणि कॉम्प्युटरवर एकच फोल्डर. साहेब माऊस फिरवून दाखवतात, "बघा, सगळं यात." आपण मान डोलावतो. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि तोही त्याच डब्यात जातो.

या डब्याला नॅस म्हणतात, कुणी घरगुती सर्व्हर म्हणतं. लग्नाचे फोटोवाले, युट्यूब चॅनलवाले, सीए, आर्किटेक्ट, आता बऱ्याच जणांकडं आहे. वस्तू चांगली आहे, माझ्याकडंही आहे. माझा राग वस्तूवर नाही. "एक फोल्डर दिसतंय म्हणजे सगळं सुरक्षित आहे" या समजावर आहे. आणि हा समज माझ्याच अंगलट आल्यामुळं आज लिहितोय.

आपल्या गावाच्या भाषेत सांगतो. शाहू महाराजांनी जयसिंगपूर आखून वसवलं. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. परगावचा माणूससुद्धा चुकत नाही. आता समजा पत्ता आठव्या गल्लीचा आहे, पण घरातलं सामान प्रत्यक्षात चार गल्ल्यांतल्या चार घरांत वाटून ठेवलंय. तुम्ही आठव्या गल्लीत जाऊन दार उघडलं की जादूनं सगळं सामान एकाच खोलीत दिसतं. अनेक डिस्क जोडून केलेलं शेअर फोल्डर हे असं असतं. दिसायला एक, मुळात चार. कुठली फाईल कुठल्या डिस्कवर बसली हे मशीन ठरवतं, आपण विचारतही नाही. सोय म्हणून उत्तम. पण त्या चारपैकी एक घर पडलं तर?

तर काय होतं ते ऐका. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा नदीकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. तुमचं घर पूरपट्ट्यात येतच नाही, असं त्यांना पंचनाम्याच्या वेळी सांगण्यात आलं होतं. २०१९ ला त्याच घराच्या चौकटीपर्यंत पाणी होतं आणि तो फोटो मीच काढलेला. म्हणाले, "भाऊ, तेवढा फोटो द्या, बाकी मी बघतो." मी म्हटलं, आत्ता देतो. 'पूर' फोल्डर उघडलं. उघडलं की! एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही. नुसते फोटो कमी होते. त्यांच्या घराचा त्यात नव्हता.

नंतर शोधलं तेव्हा कळलं. काही महिन्यांपूर्वी कधीतरी लाईट गेली, आली, सर्व्हर परत सुरू झाला, पण पाचपैकी एक डिस्क उठलीच नाही. उरलेल्या चार डिस्कवर जे होतं तेवढं फोल्डरनं मुकाट्यानं दाखवायला सुरुवात केली. मला पत्ता नाही. हजारो फोटोंत काही शे कमी झाले तर डोळ्याला कळतं का? दुसऱ्या हार्डडिस्कवर रोज रात्री नक्कल व्हायची म्हणून मी निवांत होतो. पण ती नक्कल मीच अशी लावली होती, की मूळ ठिकाणी जे नाही ते नकलेतूनही काढून टाक. जागा वाचवायला! म्हणजे एक डिस्क मेली आणि त्याच रात्री माझ्याच प्रोग्रामनं इमानेइतबारे त्या फोटोंची दुसरी प्रतही पुसली.

त्या माणसाला मी काय सांगणार? सर्व्हर वीस हजाराचा असो की दोन लाखाचा, "तुमचा फोटो होता, आता नाही" हे वाक्य तेवढंच लाजिरवाणं असतं.

आता मुद्द्यावर येतो. मी एकटा पत्रकार, माझा निष्काळजीपणा माझ्यापाशी. पण हीच रचना सार्वजनिक संस्थांत बसवली जाते तेव्हा ती लोकांच्या हक्काची गोष्ट होते. सभेचं प्रोसिडिंग, घरपट्टीचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पुराचे पंचनामे. यातलं काही गेलं तर कळणार कसं? फोल्डर तर उघडतंय!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमच्याकडं रेड आहे." रेडचं काय आहे, एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, त्यासाठी ती सोय. तीही सगळ्या प्रकारांत नाही. रेड शून्य असेल तर एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड पाच असेल तर एक गेलेली चालते, दुसरी गेली की संपलं. आणि कुणी चुकून फोल्डर डिलीट केलं, व्हायरसनं फायलींना कुलूप घातलं किंवा डब्यासकट पाण्यात गेलं, तर रेड काही करत नाही. आरसा लावलेल्या दोन डिस्क असतील तर एकीवरचं पुसलं की त्याच क्षणी दुसरीवरचंही पुसलं जातं. आरसाच तो.

दुसरं उत्तर, "क्लाउडवर टाका की." जरूर टाका. पण गुगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली हे आठवतंय ना? आणि दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायला गुगलनं डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. आता आपल्या संस्थांकडं बघा. खातं कुणाच्या नावावर? मागच्या सेक्रेटरीच्या. पासवर्ड कुणाला ठाऊक? त्यांच्या पुतण्याला. पुतण्या कुठं? पुण्यात.

माणसं हे सगळं सोडवून बसलीत, आपण वाचत नाही एवढंच. मायक्रोसॉफ्टनं २००७ साली घरगुती सर्व्हरसाठी विंडोज होम सर्व्हर काढलं. त्यात प्रत्येक शेअर फोल्डरपुढं एक खूण करायची सोय होती, की याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेव. सिनेमे एका प्रतीत, पोरांचे फोटो दोन प्रतींत. पुढं कंपनीनं ती सोय काढून टाकली, पण फुकट मिळणाऱ्या ग्रेहोलमध्ये कुठल्या फोल्डरच्या किती प्रती हे आजही ठरवता येतं. अनरेडमध्ये कुठलं फोल्डर कुठल्या डिस्कवर जावं हे सांगता येतं. म्हणजे २०१९ चा पूर पूर्ण एका डिस्कवर, २०२१ चा पूर्ण दुसरीवर असं बसवता येतं. डिस्क मेली तर निदान काय गेलं हे एका वाक्यात सांगता येईल. माझ्यासारखं इथले चार फोटो, तिथले चाळीस, असं होणार नाही.

पण हे ठरवणार कोण? सगळ्या फोल्डरना सारखा भाव देणं हाच मुळात आळस आहे. गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आणि घर पडल्याचा पंचनामा एकाच फोल्डरात, एकाच डिस्कवर, आणि ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही पुसायची परवानगी! संपलेल्या वर्षाचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं करून ठेवायला एक मिनिट लागतं. किती ठिकाणी केलंय?

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, पहिल्याच पोटकलमात लिहिलंय, की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित करून ठेवायचे आणि योग्य ते अभिलेख संगणकावर आणायचे. संगणकावर आणणं आपल्याला आवडतं, कारण त्यात खरेदी असते. सूची कुणाला नको असते, कारण त्यात बसून काम असतं. पण माझं जे झालं ते सूची असती तर झालं नसतं. फोल्डरात काल किती फायली होत्या आणि आज किती, एवढा आकडा जरी रोज कुणी बघितला असता तरी डिस्क मेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

आणि जागेचं काय? २००५, २०१९, २०२१. शिरोळ तालुक्यात राहून सर्व्हर तळमजल्यावर ठेवणाऱ्याला काय म्हणावं? पाणी नसेल तर आग आहेच. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा फायलींचं काय झालं ते सगळ्या राज्यानं बघितलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. होतं तसं परत उभं करायचं म्हटल्यावर जुन्या नकाशाची आणि जुन्या फोटोची किंमत कळते, आदल्या दिवशी कळत नाही. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रुजवलेला साधा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. आपण मात्र तीन डिस्क, एक डबा, एक कपाट यावर अडलोय.

पूर आला की नदीकाठची माणसं, जनावरं जयसिंगपुरात येतात. कागद का येऊ नयेत? माझी मागणी एवढीच, की नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या महत्त्वाच्या फोल्डरची एक प्रत जयसिंगपुरात असावी आणि जयसिंगपूरच्या नोंदींची एक प्रत तालुक्याबाहेर. कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली, किल्ली ज्याची त्याच्याकडं. यासाठी कोट्यवधीचं टेंडर लागत नाही. एक जुना कॉम्प्युटर, दोन नव्या डिस्क आणि दर महिन्याला सही करून "अमुक फायली परत उघडून बघितल्या" असं लिहिणारा एक जबाबदार माणूस लागतो. टेंडर निघेल, माणूस नेमला जाणार नाही, ही मला भीती आहे. म्हणून नगरपरिषदेला आणि पंचायत समितीला तीन प्रश्न लेखी देतोय: फोल्डरनिहाय किती प्रती आहेत, त्या कुठं आहेत, आणि त्यातली एखादी शेवटची परत उघडून कधी बघितली. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तरी टाकतो.

तोवर एक विनंती. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे फोटो ज्यांच्याकडं असतील त्यांनी मला द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून नको. त्यात फोटो बारीक होतो आणि कधी, कुठं काढला ही आतली नोंद उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन या. गाव, वाडी, घर कुणाचं आणि पाणी कुठवर होतं, एवढं कागदावर लिहून आणा. एक प्रत माझ्याकडं, एक तुमच्याकडं आणि एक पुण्यातल्या मित्राच्या घरी राहील. चौकटीपर्यंत पाणी आलेल्या त्या घराचा फोटो शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणी काढला असेल तर तो आधी द्या.