फुले नकोत, कायम नेमणूक द्या

22 मार्च 2020 ला देशाने परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या. 3 मे ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले टाकली. त्याच दिवसांत घरमालक त्यांना खोली खाली करा म्हणत होते. विटाळ मानण्याची या समाजाची सवय जुनी. कोरोनाने नवे निमित्त दिले, इतकेच.

मग सुरू झाली मानसिक आरोग्याची व्याख्याने. ध्यान करा, सकारात्मक राहा! पीपीई किट चढवले की तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही, पाळी असली तरी तेच. घरी लेकराला जवळ घेता येत नाही. वर कंत्राटी नोकरी. अशा बाईची झोप उडाली तर बिघाड तिच्या मनात आहे की व्यवस्थेत? दुःखाला कारण असते, हे तथागतांनी शिकवले. कारण झाकून ध्यान शिकवणे हा धम्म नव्हे, मालकाची सोय आहे.

1946 मध्ये मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा 54 वरून 48 तासांवर आणणारे विधेयक मांडले. कामगारांनो, सहनशक्ती वाढवा, असे नाही सांगितले. आणि प्लेगात सावित्रीमाई गेल्या, हा दाखला फुकट राबवून घेणाऱ्यांनी तर देऊच नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान 20,000 रुपये द्या म्हटले. आपल्या वस्तीतली ताई जीएनएम करून दवाखान्यात लागली असेल, तर तिच्या हातात किती पडतात ते विचारा. येत्या 12 मे ला, परिचारिका दिनी, विहारात सत्कार ठेवू नका. पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीची पत्रे घेऊन बसा.