बाटलीवरचे नाव

नाशिक जिल्ह्यात द्राक्षे उत्तम पिकतात, हे सांगण्यात आता काही नावीन्य उरलेले नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील शेतकऱ्याने छाटणीपासून विरळणीपर्यंतचे शास्त्र असे काही आत्मसात केले आहे की, पीक कसे घ्यावे हे त्याला शिकविण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. एकाच मातीत आणि एकाच हवेत वाढलेल्या द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या कारखान्यांपैकी एक शेअर बाजारापर्यंत जाऊन पोहोचला, आणि त्याच्या शेजारच्या कित्येकांच्या पोलादी टाक्या मात्र रिकाम्या पडल्या. असे का व्हावे?

मद्यपान इष्ट की अनिष्ट, हा वाद येथे बाजूला ठेवू. तो महत्त्वाचा नाही असे नाही. पण आजचा प्रश्न धंद्याचा आणि त्या धंद्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याचा आहे.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या, विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा राखण्यात आल्या. बँकांनी कर्जे दिली, यंत्रे आली, परदेशी वाणांच्या वेली लागल्या. धोरणात उत्पादनाचा विचार तपशीलवार होता. ही वाइन पिणार कोण आणि त्याच्यापर्यंत ती नेणार कोण, हा विचार त्या मानाने फारच तोकडा राहिला. पिकले की विकले जाईल, हा आपल्या नियोजनातील जुना भाबडेपणा येथेही आड आला.

त्याची किंमत २००८ नंतर मोजावी लागली. जगभर मंदी आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या बड्या हॉटेलांवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला आणि वाइनचा मुख्य ग्राहक असलेला हॉटेल व्यवसायच थंडावला. ज्यांच्या वाइनला नाव नव्हते, त्यांचा माल सर्वप्रथम पडून राहिला. कारखाने करार केलेली द्राक्षे उचलेनात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. थॉम्पसन किंवा सोनाका या खाण्याच्या द्राक्षांना एक व्यापारी नाही तर दुसरा मिळतो; अगदीच भाव पडला तर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असते. कारखान्याने पाठ फिरविली की त्याला बाजारच उरत नाही. अनेक शेतकऱ्यांनी कर्ज काढून लावलेल्या बागा स्वतःच्या हाताने तोडून टाकल्या.

याच काळात गंगापूर धरणाजवळची ‘सुला’ मात्र तगली. राजीव सामंत या अमेरिकेत शिकलेल्या तरुणाने तेथे १९९७ साली वाइनच्या वेली लावल्या आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. नाव ठेवले ते आईच्या सुलभा या नावावरून. चिन्ह निवडले मिशाळ सूर्याचे. फ्रेंच वाटणाऱ्या भारदस्त नावाचा मोह त्यांनी टाळला, हे चातुर्यच म्हटले पाहिजे. पण खरी मेख पुढेच आहे. मद्याची जाहिरात करण्यास दूरचित्रवाणीवर बंदी. मग ग्राहकाला सांगायचे कसे? ‘सुला’ने ग्राहकालाच बागेत बोलावले. २००५ साली चाखण्याची खोली उघडली, २००८ पासून संगीताचा उत्सव भरविला. पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा हे ठाऊक नसल्याने संकोचणाऱ्या मध्यमवर्गीय पाहुण्याला ते तेथे हसतखेळत समजले. परत जाताना तो बाटलीबरोबर ते नावही घरी घेऊन गेला. नाव झाले म्हणून भांडवल आले, आणि भांडवल होते म्हणून वाईट वर्षे निभावली. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीचे समभाग ३५७ रुपयांना विकले गेले.

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. ती आपण उच्चारतो ती मात्र बोलणाऱ्याला हिणविण्यासाठी. विक्रीकलेला ‘जाहिरातबाजी’ म्हणून नाके मुरडणे हा मराठी सुशिक्षितांचा आवडता छंद आहे. माल चांगला असला की पुरे, असे आपण मानतो. ज्याला तो माल विकत घ्यायचा आहे, त्याला तो चांगला आहे हे कळायचे कसे, याचे उत्तर देण्याची तसदी घेत नाही.

तथापि, नाव झाले की सारे साधले, असेही नव्हे. नारायणगावच्या ‘इंडेज’चे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने तेथे फेसाळ वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही विकली. भारतीय वाइन म्हटले की ज्यांचे नाव घेतले जाई, त्यांत ‘इंडेज’ अग्रभागी होती. पण विस्ताराची घाई झाली, परदेशातील कारखाने घेतले गेले, आणि मंदी येताच कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी कोसळली. नावाने कर्जाचे हप्ते भरता येत नाहीत. खुद्द ‘सुला’चा समभागही पुढे जवळजवळ दुपटीपर्यंत चढून २०२५ साली विक्रीच्या भावाखाली आला, हे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

शिवाय, नाव हे केवळ एका कंपनीचे नसते. २०१० साली युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला आणि मालाच्या पेट्याच्या पेट्या नाकारल्या गेल्या. ज्यांनी सर्व काळजी घेतली होती, तेही त्यात भरडले गेले; कारण परदेशी ग्राहकाला बागाइतदाराचे नाव ठाऊक नव्हते, देशाचे ठाऊक होते. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्या नावाची राखण करायची कोणी, हा प्रश्न सरकारच्या, बाजार समित्यांच्या आणि बागाइतदारांच्या संघटनांच्या दारी उभा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि विरोध होताच तो गुंडाळून ठेवला. हा निर्णय शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून मांडला गेला होता. पण दुकानाच्या फळीवर जागा मिळाली असती ती ज्यांचे नाव आधीच झाले आहे त्यांना. बिननावाच्या लहान कारखान्यांना एकत्र येऊन, एका नावाने, एका कसोटीवर उतरलेला माल बाजारात नेता येईल अशी व्यवस्था त्या निर्णयात नव्हती. द्राक्ष निर्यातदारांसाठी अशी व्यवस्था ‘महाग्रेप्स’च्या रूपाने १९९१ सालीच सहकारी तत्त्वावर उभी राहिली होती. पुढचे धोरण आखणाऱ्यांनी निदान तिचे कागद एकदा उघडून पाहावेत.