मिश्रवंशीयाचा ‘मी’ आणि समीक्षेतील ‘आम्ही’

दलित साहित्याचा विचार कृष्णवर्णीयांच्या साहित्याच्या संदर्भात करण्याची प्रथा मराठी समीक्षेत चांगलीच रुळली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्यामुळे ही तुलना केवळ अभ्यासकांनी लादलेली आहे, असे म्हणता येत नाही. मात्र या तुलनेत एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते. आत्मकथनातील ‘मी’ हा मुळात ‘आम्ही’ असतो, एकाच्या जगण्यातून समूहाचे जगणे बोलत असते, हे ते गृहीत. ज्याला जन्मतः असा समूहच लाभलेला नाही त्याच्या ‘मी’चे काय, हा प्रश्न या मांडणीत उद्भवत नाही. दक्षिण आफ्रिकेतील मिश्रवंशीयांचे लेखन वाचताना मात्र तो टाळता येत नाही.

तेथील १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावी अशी आहे. गोरा कोण, तर दिसण्यावरून उघडच गोरा असलेला किंवा सर्वसाधारणपणे गोरा मानला जाणारा. ‘नेटिव्ह’ कोण, तर आफ्रिकेतील मूळ वंशाचा किंवा जमातीचा. आणि ‘कलर्ड’ कोण? जो गोराही नाही आणि नेटिव्हही नाही, तो. एका मोठ्या लोकसमूहाची व्याख्या दोन नकारांनी केलेली आहे. १९५९ मध्ये या वर्गाचे पोटभेद पाडले गेले. केप कलर्ड, मलाय, ग्रिक्वा यांच्या पंगतीला चिनी आणि भारतीयही बसविले गेले आणि तरीही जे उरले त्यांच्यासाठी ‘इतर कलर्ड’ असा रकाना ठेवावा लागला. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की गळून पडते, हे पाहिले जाई. एकाच घरातील भावंडे वेगवेगळ्या वर्गांत पडत. गोऱ्यांचे इतर वंशीयांशी विवाह १९४९ च्या कायद्याने निषिद्ध झाले होते. विवाहबाह्य संबंधांवर तर १९२७ पासूनच बंदी होती आणि १९५० मध्ये ती अधिक व्यापक करण्यात आली. अशा संबंधातून जन्मलेले मूल म्हणजे आईबापांच्या गुन्ह्याचा पुरावाच ठरे.

बेसी हेड यांचा जन्म १९३७ मध्ये पीटरमारित्झबर्ग येथील मनोरुग्णालयात झाला. आई गोरी, बाप कृष्णवर्णीय. बापाविषयी काहीही माहिती उपलब्ध नाही. गोऱ्या कुटुंबाकडे सोपविलेले हे मूल रंगामुळे परत आले आणि एका मिश्रवंशीय कुटुंबात वाढले. त्या घरातील बाई आपली आई नव्हे, हे बेसीला मिशनच्या वसतिगृहात कळले, तेही पौगंडावस्थेत. आपल्या जन्माची जी हकीकत त्या पुढे सांगत, तिच्यातील काही तपशील नोंदींशी जुळत नाहीत, असे चरित्रकारांनी दाखविले आहे. याला असत्य म्हणणे अरसिकपणाचे होईल. ज्याचे मूळ सरकारी कागदांत बंद आहे, त्याला ते रचूनच सांगावे लागते. ‘अ क्वेश्चन ऑफ पॉवर’मधील नायिकेचे मनोविघटनही या अंगाने वाचावयास हवे.

१९६४ मध्ये परतीचे दोर कापून त्या आजच्या बोत्स्वानात गेल्या. तेथे लिहिलेल्या ‘मारू’ (१९७१) या कादंबरीची नायिका मसार्वा जमातीची आहे आणि तिला तुच्छ लेखणारे लोक गोरे नाहीत, कृष्णवर्णीयच आहेत. ‘कृष्णवर्णीयांचे साहित्य’ या शीर्षकाखाली ही कादंबरी सुखाने बसत नाही. जुलूम सोसलेल्या समूहातही आपला आणि परका हा निवाडा चालूच असतो, हे तिने दाखविले. ट्रेव्हर नोआ यांच्या ‘बॉर्न अ क्राइम’मध्ये (२०१६) हीच कोंडी विनोदाच्या अंगाने येते. त्यांचा जन्म १९८४ चा. संबंधांवरील बंदी १९८५ मध्ये आणि नोंदणी कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. हेड यांना ही मुभा कधीच मिळाली नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत जवळचे पुस्तक शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) होय. बारा माशांचा तोळा. अकराच भरले की हिणकस. साम्य मात्र जपून मांडावे लागेल. तेथे कायदा संबंधच नाकारतो. येथे दलित स्त्री आणि पाटील यांचा संबंध गावगाड्याने चालवून घेतलेला आहे. नाकारले जाते ते केवळ मूल. रंग काही सांगत नाही, म्हणून प्रश्न शाळेच्या पटावर बापाचे नाव लिहिताना उभा राहतो. वाड्याचे दार बंद असते. पण महारवाड्यातही हे मूल पुरते आपले मानले जात नाही, हे या आत्मकथनाचे खरे दुखणे आहे. अभ्यासक्रमात ते ‘प्रातिनिधिक दलित आत्मकथन’ म्हणून शिकविले जाते, तेव्हा नेमके हेच दुखणे दबते. आपल्याच माणसांविषयीची तक्रार समूहाच्या कैफियतीत विरघळून जाते आणि विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘विद्रोह’ हा शब्द तेवढा उरतो.

वास्तविक या पुस्तकातील सर्वांत वत्सल घर कोणत्याच रकान्यात बसणारे नाही. आजी संतामाय महार, तिच्याबरोबर राहणारा दादा मुसलमान. नातवाशी त्याचे ना रक्ताचे नाते, ना जातीचे. वर्गातील चर्चेत या दादाच्या वाट्याला सहसा दोन वाक्यांपलीकडे काही येत नाही.