साखळीचे मूळ कुठे असावे?

अहेरी, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कुठेही जायचे असो, आलापल्लीचा चौक लागतोच. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून इथली वर्दळ आणखी वाढली आहे. फास्टफूडच्या साखळ्यांना अशीच ठिकाणे हवी असतात. त्या आल्या तर येऊ द्याव्यात. पण त्या वाढतात कशा, हे आपल्या बचतगटांनी आणि ग्रामसभांनी आधीच समजून घ्यावे.

1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली. पुढे त्याच्या गाड्या मुंबईभर पसरल्या, मात्र प्रत्येक गाडीची चव निराळी. 2001 मध्ये धीरज गुप्ता यांनी मालाडला ‘जम्बोकिंग’ची सुरुवात केली, तर 2004 मध्ये व्यंकटेश अय्यर यांनी कल्याणला ‘गोली’ची. गोलीने वडा दुकानात करणेच बंद केले. तो कारखान्यात, यंत्रावर, एकाच वजनाचा होऊ लागला आणि गोठवून गावोगाव जाऊ लागला. दुकानात उरले फक्त तळणे. म्हणूनच ही साखळी लहान शहरांतही पोहोचू शकली. पण त्यामुळे चव, कौशल्य आणि त्यावरची मिळकत कारखान्याकडे गेली. गावाच्या वाट्याला आली ती कढई.

नागपूरचे हल्दीराम मूळचे बिकानेरचे, भुजियावाले. शिवकिसन अग्रवाल नागपुरात आले, त्यांनी शहराला काजूकतलीची गोडी लावली, आणि पुढे इथल्या संत्र्याची बर्फी त्या दुकानांची ओळख झाली. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला आपल्या मातीतला जिन्नस दिसला. तो आपल्याला का दिसू नये?

आपल्याकडे मोह आहे, चारोळी आहे, धान आहे. मोहफुलावरची बंधने सरकारने 2021 मध्ये उठवली. तरीही मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेले फूल, घरात पैसा नसतो म्हणून, मिळेल त्या भावात व्यापाऱ्याकडे जाते. ते कोरडे साठवता आले, तर वर्षभर लाडू करता येतील. खाद्यपदार्थांची साखळी शेवटी साठवण, ठरलेले माप आणि एक मोठे स्वयंपाकघर यांवरच उभी राहते. अहेरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि वनविभागाने आलापल्लीत गोदाम आणि स्वयंपाकघर बांधून द्यावे, आणि त्यांचा कारभार ग्रामसभांच्या हाती सोपवावा. पुढचा मोह पडायच्या आत हे व्हायला हवे.