लिलाव, सरपंचपद आणि नीतिशास्त्राचा तास

महाविद्यालयांतून ‘नेतृत्वविकास कार्यशाळा’ नावाचा एक वार्षिक विधी आता रूढ झाला आहे. शहरातून पाहुणे येतात, पडद्यावर शिवछत्रपती, गांधीजी आणि एखादा यशस्वी उद्योगपती ओळीने झळकतात, नेत्याचे सात गुण लिहून घेतले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मूल्यांकनाच्या फाइलीत छायाचित्रे लागतात. नीती हा त्या सातांपैकी बहुधा सहावा किंवा सातवा गुण असतो. वक्तृत्व आणि वेळेचे नियोजन यांच्यानंतरचा. आमचा आक्षेप या क्रमाला नाही. नीती ही यादीत बसवण्याची वस्तू आहे, या समजुतीलाच आहे.

देवळा तालुक्यात राहणाऱ्याला हा आक्षेप टाळता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरचे उमराणे हे आमच्याच तालुक्यातले गाव. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यभर ग्रामपंचायतींचे मतदान होते. त्याच्या दोनच दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. कारण, सरपंच व सदस्यपदांचा जाहीर लिलाव. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर गेल्याच्या बातम्या होत्या, आणि रक्कम रामेश्वर मंदिराच्या बांधकामासाठी होती. चित्रफिती सर्वत्र फिरल्या. शहरी वर्तमानपत्रवाचक हसला, ‘लोकशाहीची थट्टा’ म्हणाला आणि पान उलटले.

आम्हांला तसे पान उलटता आले नाही, कारण वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पैसे कुणाच्या खिशात गेले नाहीत. देवळाला जाणार होते. उघड बोली झाली. गावात भांडण नाही, दारू नाही, पाकिटे नाहीत. मग चुकले काय?”

हा प्रश्न फार चांगला आहे. कांदापट्ट्यात ‘लिलाव’ हा शब्द वाईट नाही, हे आधी लक्षात घ्यावे. बाजार समितीत ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी चारचौघांत बोली लावतात, आणि तोच उघडेपणा शेतकऱ्याचा आधार असतो. लपूनछपून ठरलेल्या भावापेक्षा उघड लिलाव केव्हाही बरा, हे येथे पोराटोरांनाही कळते. तेव्हा मतामागे चोरून पैसे वाटणाऱ्यापेक्षा चारचौघांत मंदिराला पैसे देणारा अधिक प्रामाणिक, असा त्या मुलाचा युक्तिवाद होता. शिवाय बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाचे शहाणपण, हे त्याने आमच्याकडूनच ऐकलेले. त्याच निवडणुकीच्या वेळी बिनविरोध गावांना लाखोंचा निधी देऊ, अशी आश्वासने लोकप्रतिनिधींनी उघडपणे दिली होती. विरोधाचा अभाव विकत घेण्याची कल्पना उमराणेकरांनी शोधून काढलेली नाही.

तरीही युक्तिवाद टिकत नाही. ट्रॅक्टरमधला कांदा विकणाऱ्याच्या मालकीचा असतो. सरपंचपद कोणाच्या मालकीचे? ज्यांनी बोली पुकारली, त्यांच्या मालकीचे ते कधीच नव्हते. मत प्रत्येकाचे वेगळे असते. गावकीने जमून ते एकत्र गोळा करावे आणि घाऊक भावाने द्यावे, असा अधिकार गावकीला नाही, सगळे खूश असले तरी नाही. आणि सगळे खूश असतात, हे तरी कोणी तपासले? देवाच्या कामाला नाही म्हणणारा माणूस गावात कसा राहील, हे गावात राहिलेल्यांनाच ठाऊक. ज्या मजूर बाईकडे बोलीत उतरायला दोनशे रुपयेही नाहीत, तिची उमेदवारी त्या दिवशी कोणी नाकारलीच नाही, इतकी ती विचारातच नव्हती. पुन्हा, ज्याने आधीच देणे चुकवले, त्याला पाच वर्षांत हिशेब विचारायचा कोणत्या तोंडाने? नेता येथे गावाचा ऋणको राहत नाही, धनको होतो.

हे सारे सात गुणांच्या यादीत कोठे बसते? बोली लावणारा दानशूर होता, निर्णयक्षम होता, त्याला माणसे जोडता येत होती. कार्यशाळेच्या कसोटीवर तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो.

अमेरिकेत जोआन सिउला या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने या प्रश्नाला सारी कारकीर्द दिली. रिचमंड विद्यापीठात नेतृत्वाच्या अभ्यासासाठी जेप्सन स्कूल स्थापन झाले, तेव्हाच्या पहिल्या अध्यापकांपैकी त्या एक. तेथे सुमारे पाव शतक शिकवून त्या पुढे रटगर्स विद्यापीठात गेल्या. नेतृत्वावरच्या ढीगभर लेखनात नीतीचा गंभीर विचार फार थोडा आहे, हे त्यांना खुपले. नेतृत्व म्हणजे काय, यापेक्षा चांगले नेतृत्व म्हणजे काय हा खरा प्रश्न, आणि ‘चांगले’ म्हणजे परिणामकारकही व नैतिकही, असे त्या मांडत आल्या. हिटलरला नेता म्हणायचे की नाही, या जुन्या वादाला ‘हिटलरची समस्या’ हे नाव त्यांचेच. त्यांच्या विचारात नेतृत्व हे माणसामाणसांतले नैतिक नाते आहे. हे एक वाक्य हाती असते, तर त्या मुलाला उत्तर द्यायला आम्हांला दोन दिवस लागले नसते.

पण परदेशी नाव घेतले की आमच्याकडे टाळ्या पडतात, म्हणून घरचेही सांगायला हवे. दि. य. देशपांडे यांनी विदर्भात आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, ‘नीतिशास्त्राचे प्रश्न’ लिहिले, आणि निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० साली, नागपुरातून ‘नवा सुधारक’ हे मासिक काढले. तेच पुढे ‘आजचा सुधारक’ झाले. मागे आगरकरांचा १८८८चा ‘सुधारक’ होता, हे सांगायला नको. मे. पुं. रेगे यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत आणला. यांपैकी कोणी ‘नेतृत्व’ हा शब्द पाटीवर लावला नव्हता. कारण विचारण्याची सवय समाजाला लावणे, हे त्यांनी आपले काम मानले. आणि ज्या गावाला कारण विचारता येते, तेथे बोली पुकारणे कठीण जाते. आज तालुक्याच्या किती महाविद्यालयांत तत्त्वज्ञान हा विषय उरला आहे? विषय बंद, पद रिक्त, आणि त्या जागी तीन तासांची कार्यशाळा. असो.

एका कार्यशाळेच्या आयोजकांना आम्ही सुचवून पाहिले, की सात गुणांऐवजी उमराण्याचे प्रकरण चर्चेला घ्या. मुले जवळचीच आहेत, तळमळीने बोलतील. “सर, वाद कशाला? विषय नेतृत्वाचा आहे,” असे उत्तर आले, आणि पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था आमच्याकडे सोपवण्यात आली.