रांगेतली पळवाट

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात शिरताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. सदऱ्याबरोबर मोठेपणही बाहेरच राहावे, नाही का? मग श्रावणी सोमवारच्या रांगेत आपल्याला ओळखीपाळखी का आठवतात?

अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत अपंगांना, सोबतच्या कुटुंबासह, रांगेत सवलत असे. धडधाकट श्रीमंत लोक अपंग सोबती भाड्याने घेऊन पुढे जातात, अशा बातम्या आल्या आणि २०१३ साली ती पद्धतच बदलली. कागदावरचा नियम शाबूत होता. भुर्दंड मात्र खऱ्या गरजूंना पडला.

थकलेल्या आजोबांना जरूर पुढे सोडावे. पण त्यांच्या आडून घरचे सहाजण घुसले, तर उद्या आजोबांचीच वाट बंद होईल. सोबतची मुले दर्शनाबरोबर हेही शिकत असतात.